टोकियोत सुशी काउंटरवर पहिल्यांदा जेवायला जाताना

टोकियोतल्या जुन्या वळणाच्या सुशी दुकानांची आपल्याकडच्या प्रवाशांना धास्ती वाटते. जेमतेम आठ-दहा खुर्च्या, समोर कमी बोलणारा उस्ताद, हातात मेनू नाही, भिंतीवर दर नाहीत, आणि काही चुकलं तर चारचौघांत शोभा होईल ही भीती. त्यामुळे कित्येक जण टोकियोतल्या गिंझा या नामांकित भागापर्यंत जाऊनही फिरत्या पट्ट्यावरची सुशी खाऊन परततात. त्या सुशीलाही तिची मजा आहे. पण काउंटरवर जे मिळतं ते निराळं आहे, आणि मासे खाणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने ते एकदा तरी अनुभवावं असं मला मनापासून वाटतं.

तिथले नियम ऐकताना डोंगराएवढे वाटतात. पण त्यांच्या मुळाशी बहुतेक एकच गोष्ट आहे. समोर ठेवलेली सुशी त्याच घडीला खाण्यासाठी बनवलेली असते. भात अंगाच्या उबेइतका कोमट, वरचा मासा किंचित गार, मधे वासाबीचा, म्हणजे झणझणीत हिरव्या जपानी चटणीचा ठिपका. तव्यावरून थेट पानात पडणारा फुलका जसा लगेच खायचा, तशीच ही सुशी. हे मनात धरलं की वेळेवर का जायचं, अत्तर का लावायचं नाही, फोटो काढत का बसायचं नाही, हे वेगळं शिकावं लागत नाही.

जाण्याआधी: हे जेवण आपल्यासाठी आहे का?

हा प्रश्न प्रामाणिकपणे सोडवा. तुम्ही शाकाहारी असाल तर अशा दुकानात जाऊ नका. नुसता मासा वगळून भागत नाही, कारण अंड्याच्या तामागोत, सुपात आणि बऱ्याच चटण्या-सॉसमध्ये सुक्या माशाचा अर्क, म्हणजे दाशी असतो. माशावर ब्रशने लावतात त्या निकिरी सॉसमध्ये सोयाबरोबर साके किंवा मिरिन शिजवलेलं असतं, त्यामुळे मद्य अजिबात चालत नसेल तर तेही आधी बोलून घ्यायला हवं. सोबत कुणी शाकाहारी असेल तर त्या संध्याकाळी दोघांनी वेगवेगळं जेवावं. एकाने खायचं आणि दुसऱ्याने बघायचं, असं तिथे चालत नाही, कारण प्रत्येक खुर्चीमागे त्या दिवशीची खरेदी झालेली असते.

कोळंबी किंवा शिंपल्यांची ॲलर्जी असेल, गर्भारपणामुळे डॉक्टरांनी कच्चं मना केलं असेल, तर आरक्षण करतानाच सांगा. काउंटरवर बसल्यावर सांगितलं तर उस्तादाच्या हातात फारसं काही उरत नाही. लहान मुलांना अनेक दुकानं घेत नाहीत, तेही आधी विचारा.

कच्च्या माशाची सवय नसेल तर आधी उभ्याने खायच्या सुशी दुकानात जा. टोकियोत ‘उओगाशी निहोन-इची’सारखी दुकानं आहेत. तिथे एकेक नग सांगून मागवता येतो, खर्च बेताचा असतो आणि हाताला सवय होते. तिथे दोन वेळा खाल्लं की काउंटरवर बसताना छाती धडधडत नाही.

दुकान निवडणं आणि आरक्षण

दारात जाऊन ‘जागा आहे का’ विचारण्याची ही दुकानं नव्हेत. आरक्षणाशिवाय जागा मिळणं कठीण. काही ठिकाणी तर ओळखीच्या गिऱ्हाइकाने शब्द टाकल्याशिवाय घेतच नाहीत. गिंझातलं ‘सुकियाबाशी जिरो’ सगळ्यांना ऐकून माहीत असतं. 2014 च्या एप्रिलमध्ये जपानचे तेव्हाचे पंतप्रधान शिंझो आबे यांनी बराक ओबामांना तिथेच जेवायला नेलं होतं. त्याच दुकानाला 2019 साली मिशलाँ गाइडने, म्हणजे हॉटेलांना तारे देणाऱ्या प्रसिद्ध मार्गदर्शिकेने, यादीतून वगळलं. जेवणाचा दर्जा उतरला म्हणून नाही, तर सामान्य माणसाला तिथे आरक्षणच मिळत नाही म्हणून. सांगायचा मुद्दा, नावामागे धावू नका. पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी गल्लीतलं, परदेशी पाहुण्यांना सरावलेलं, मध्यम दराचं दुकान कितीतरी बरं.

टेबलचेक आणि ओमाकासे या संकेतस्थळांवर इंग्रजीतून आरक्षण होतं. मोठ्या हॉटेलात उतरला असाल तर तिथल्या स्वागतकक्षाला सांगा. पाहुण्याची जबाबदारी हॉटेल घेतंय म्हटल्यावर दुकानदारही निश्चिंत असतो. टोकियोतल्या नीशी-कासाई भागात मराठी मंडळी बरीच आहेत. त्यांच्यापैकी जपानी बोलणारं कुणी ओळखीचं असेल तर एका फोनवर काम होतं आणि पथ्यपाणीही नीट समजावता येतं.

ताबेलोग या हॉटेलांना गुण देणाऱ्या जपानी संकेतस्थळावर गुण पाहाल तेव्हा एक ध्यानात ठेवा. तिथले लोक गुण देताना हात आखडता घेतात. आपल्याकडे 3.5 गुणांचं हॉटेल आपण सोडून देतो, तिथे 3.5 म्हणजे चांगलं दुकान.

दर साधारण असे. दुपारचं जेवण 5,000 ते 15,000 येनच्या आसपास, रात्रीचं 20,000 ते 40,000 येन, आणि नामांकित ठिकाणी त्याहूनही वर. पेयाचे पैसे वेगळे. दुपारी बहुतेक निगिरीच असते, म्हणजे हाताने वळलेल्या भातावर माशाचा काप ठेवलेली सुशी. रात्री आधी छोटे पदार्थ येतात आणि मग निगिरी. उस्ताद तोच, भात तोच. म्हणून पहिल्या वेळी दुपारचंच घ्या.

वार निवडताना बुधवार आणि रविवार टाळा. टोकियोतला त्सुकिजीचा घाऊक मासळीबाजार 2018 च्या ऑक्टोबरमध्ये तोयोसूला हलला, आणि तोयोसू साधारणपणे याच दोन वारी बंद असतो. बरीच चांगली दुकानंही त्या दिवशी सुट्टी घेतात. ऑगस्टच्या मध्यात ओबोन या पितरांच्या सणाच्या आणि नववर्षाच्या दिवसांतही तसंच.

आरक्षण रद्द करायचं झालं तर लवकरात लवकर कळवा. आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी रद्द केल्यास अनेक ठिकाणी पूर्ण पैसे कापून घेतात, आणि मला ते रास्त वाटतं. आठ खुर्च्यांच्या दुकानात दोन रिकाम्या राहिल्या की त्या दिवशीची पाव कमाई गेली, शिवाय आणलेला मासा वाया.

त्या दिवशीची तयारी

सुगंधाबाबत सगळ्यात काटेकोर राहा. परफ्यूम, अत्तर, वासाचं तेल, वासाचं हँडक्रीम, मोगऱ्याचा गजरा, यातलं काही नको. मासा, व्हिनेगर आणि भात यांचा वास इतका हलका असतो की शेजारच्याच्या मनगटावरचा एक फवारा सगळ्यांचं जेवण बिघडवतो. काही दुकानं यावरून दारातूनच परत पाठवतात. जेवणाआधी सिगरेटही ओढू नका.

हातातलं जड घड्याळ, कडं, मोठी अंगठी काढून खिशात ठेवा. काउंटर बहुधा हिनोकी लाकडाचा एकसंध फळा असतो, त्याला रोगण नसतं, तो रोज घासून-पुसून जपलेला असतो. त्यावर धातूचा ओरखडा उठला तर तो भरून निघत नाही. फोन, चाव्या, पाकीट, कॅमेरासुद्धा काउंटरवर ठेवायचे नसतात. कपडे स्वच्छ आणि नीटनेटके असले की पुरे. अर्ध्या चड्डीत मात्र जाऊ नका.

वेळेपेक्षा पंधरा मिनिटं आधी त्या गल्लीत पोचा, पण दुकानात शिरा अगदी वेळेवर, फार तर पाच मिनिटं आधी. गिंझातली दुकानं पुष्कळदा इमारतीच्या तळघरात नाहीतर चौथ्या-पाचव्या मजल्यावर असतात आणि पाटी हाताएवढी, त्यामुळे शोधण्यात वेळ जातो. बऱ्याच ठिकाणी सगळ्या पाहुण्यांचं जेवण एकदमच सुरू होतं. तुम्ही वीस मिनिटं उशिरा गेलात तर सात जण तुमच्यासाठी खोळंबतात, किंवा तुमचे पहिले चार नग हुकतात.

बसल्यावर

दाखवतील त्या खुर्चीवर बसा. ओशिबोरी म्हणजे ओला रुमाल मिळेल, त्याने फक्त हात पुसायचे. तोंड-मान नाही.

पेय विचारतील. बिअर, साके किंवा चहा, काहीही चालतं. मद्य घेतलं नाही म्हणून कुणी नाराज होत नाही. ‘ओचा’ म्हटलं की जाड, उंच पेल्यात कढत हिरवा चहा येतो. तो माशाच्या तेलाने जड झालेली जीभ इतकी छान साफ करतो की मी मद्यापेक्षा त्यालाच झुकतं माप देईन.

मग मागवण्याचा प्रश्न. पहिल्या वेळी ‘ओमाकासे’ घ्या, म्हणजे सगळं उस्तादावर सोपवायचं. आरक्षणात बहुतेक तेच ठरलेलं असतं. स्वतःच्या आवडीने एकेक सांगणं म्हणजे ‘ओकोनोमी’. त्यात मजा आहे, पण दर बाजारभावाप्रमाणे असतो आणि लिहिलेला नसतो, म्हणून ते सराव झाल्यावर. कुठल्याही पद्धतीत खर्चाची मर्यादा आधी सांगून ठेवण्यात काही कमीपणा नाही.

उस्तादाला ‘ताइशो’ म्हणून हाक मारली तरी चालते. पण त्याच्या हातात सुरी असताना किंवा तो दुसऱ्याचा नग वळत असताना बोलू नका, त्याची नजर वर येऊ द्या.

हात, चॉपस्टिक आणि सोया

निगिरी हाताने खाल्ली तर चालते का, असं सगळे विचारतात. खुशाल खा, ही जुनीच रीत आहे, आणि आपल्याला भाताचा घास हाताने उचलायचं वळण असल्याने ते सोपंही जातं. फक्त पाची बोटं नकोत. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, एवढ्यांनीच बाजूने हलकेच धरायचं. बोटं पुसायला छोटी ओली घडी बाजूला ठेवलेली असते. चॉपस्टिकने खाणंही तितकंच योग्य आहे, पण भात सैल वळलेला असतो, दाबलात तर फुटेल.

चांगल्या हाताने वळलेली निगिरी समोर ठेवल्यावर नीट बघा. क्षणभर ती स्वतःच्या भाराने केसभर खाली बसते. आत हवा राहील इतक्या हलक्या हाताने भात वळलेला असतो, म्हणून हे होतं. तोंडात गेल्यावर तोच भात दाणा-दाणा सुटतो आणि माशाबरोबर विरघळतो. थोडा वेळ तसाच राहिला की दाणे एकमेकांना धरतात, मासा कोमट होतो, आणि उस्तादाची सारी मेहनत फुकट. म्हणून नग आला की बोलणं थांबवायचं आणि खायचं. एका घासात. अर्धी तोडून परत ठेवायची नाही. घास मोठा वाटत असेल तर ‘शारी चीसामे दे’ एवढं म्हणा, पुढच्या नगाला भात कमी येईल. वासाबी सोसत नसेल तर ‘साबी नुकी दे’.

सोया सॉसचं बघायचं तर, बहुतेक कडक दुकानांत उस्ताद स्वतःच निकिरीचा ब्रश फिरवून देतो, मग काहीच लावायचं नाही. आनागोवर, म्हणजे समुद्री वामेवर, त्सुमे हा गोडसर दाट सॉस असतो, त्यालाही सोया नको. सोयाची वाटी समोर ठेवलेली असेल तर निगिरी आडवी करून माशाची कड टेकवा. भात बुडवलात तर तो सुटून वाटीत पडतो आणि खारट होतो. सोयात वासाबी कालवू नका. वासाबी किती हवी ते माशाच्या चरबीप्रमाणे ठरवून उस्तादाने आतच घातलेली असते.

गुलाबी-पिवळट आल्याचे काप म्हणजे गारी. ते दोन नगांच्या मधे, तोंड साफ करायला. सुशीवर ठेवून खायचे नाहीत.

चॉपस्टिकच्या दोन गोष्टी अगदी पक्क्या लक्षात ठेवा. भातात त्या उभ्या रोवू नका, आणि आपल्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास देऊ नका. पहिली मृताच्या नैवेद्याची रीत आहे. दुसऱ्या रीतीने दहनानंतर घरची माणसं अस्थी उचलतात. जेवताना ते पाहून जपानी माणसाला काय वाटत असेल, हे आपल्याला सांगायला नको.

पुढ्यात काय काय येतं

हा भाग मला सगळ्यात प्रिय आहे, म्हणून जरा सविस्तर.

या सुशीला ‘एदोमाए’ म्हणतात. एदो हे टोकियोचं जुनं नाव, आणि त्या शहरापुढच्या खाडीतला मासा तो एदोमाए. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एदोत निगिरी रूढ झाली, आणि तिचं श्रेय हानाया योहेई या विक्रेत्याला देतात. तेव्हा बर्फ नव्हता. म्हणून मासा टिकवायला मीठ, व्हिनेगर, सोयात मुरवणं, उकडणं या युक्त्या आल्या. पुढे फ्रिज आला तरी त्या युक्त्या गेल्या नाहीत, कारण त्यांच्यामुळे चव खुलते हे लोकांना कळून चुकलं होतं.

कोकणी माणसाला इथे धक्का बसतो. आपण मासा बाजारात कल्ले उघडून, बोटाने दाबून घेतो, आजचा म्हणजे आजचाच. इथे ट्युना, म्हणजे आपला कुपा ज्या कुळातला त्या कुळातला मोठा मासा, काही दिवस थंडाव्यात ठेवून मग कापतात. हिरामेसारखा पांढरा मासाही कधी कधी मुरवतात. आज मारलेला मासा चावायला कडक लागतो, गोडवा मागाहून उतरतो. यावर नुसतं वाचून विश्वास बसत नाही, खाऊन बसतो.

बाकी ओळखीचे चेहरे बरेच भेटतील. साबा हा आपल्या बांगड्याचा नातलग, इवाशी म्हणजे तारलीच्या जातीचा, इका म्हणजे माकूल, एबी म्हणजे कोळंबी, हामागुरी ही तिसऱ्यांच्या वळणाची पण मोठी शिंपली, आणि आनागो समुद्री वाम, मऊसूत शिजवलेली. साल्मन मात्र शोधू नका. नॉर्वेचा साल्मन कच्चा खाण्याची चाल 1980 च्या दशकानंतरची, त्यामुळे जुनी दुकानं तो ठेवतच नाहीत.

एका माशावर विशेष लक्ष द्या, तो म्हणजे कोहादा. वीतभरसुद्धा नाही, पाठीवर चंदेरी झाक आणि काळे ठिपके, आपल्या पाल्याच्या नात्यातला, काटेरी, स्वस्त. तो पुस्तकासारखा उघडून मिठात ठेवतात, मग धुऊन व्हिनेगरमध्ये. किती मिनिटं, ते त्या दिवशीचा मासा किती मोठा, चरबी किती, हवा कशी यावर ठरतं, आणि तो अंदाज रोज नव्याने घ्यावा लागतो. मीठ जास्त झालं की मासा आखडतो, व्हिनेगर जास्त झालं की जीभ आंबते, कमी पडलं तर उग्र वास राहतो. ओतोरो, म्हणजे ट्युनाच्या पोटाचा सर्वात चरबीदार भाग, महाग असतो आणि कुणालाही आवडतो, कारण त्याची चरबीच अर्धं काम करते. कोहादाच्या मदतीला चरबी नाही, तिथे फक्त हात आहे. दुकान कसं आहे हे कोहादावरून ठरवणारी जाणकार मंडळी जपानात पुष्कळ आहेत आणि मला ती पटतात. उन्हाळ्यात याच माशाची कोवळी पिल्लं ‘शिन्को’ म्हणून येतात. एका निगिरीवर दोन-तीन, कधी जास्तही लावावी लागतात. तेव्हा तिथे असाल तर चुकवू नका.

क्रम सहसा हलक्याकडून जडाकडे जातो. आधी पांढरे मासे, माकूल, मग चंदेरी पाठीचे, ट्युनाचे आकामी (कमी चरबीचा लाल भाग), चूतोरो (मध्यम चरबीचा), ओतोरो, पुढे शिंपली, उनी (समुद्री साळिंदराचा गर), शेवटाकडे आनागो, कांप्योचा (सुकवलेल्या भोपळ्याच्या पट्ट्यांचा) रोल आणि अंड्याचा तामागो. प्रत्येक दुकान त्यात आपला फेरफार करतं. उनी किंवा नोरीत, म्हणजे समुद्री शेवाळाच्या पातळ कागदासारख्या पापुद्र्यात, गुंडाळलेला घास उस्ताद कधी थेट तुमच्या हातावर ठेवेल. तसाच तोंडात टाका, नोरी दहा सेकंदांत मऊ पडते.

आणि भाताकडे दुर्लक्ष करू नका. काही ठिकाणी तो फिकट तपकिरी दिसेल. साके गाळून उरलेल्या चोथ्यापासून बनवलेलं लाल व्हिनेगर त्यात असतं. ‘हा भात कसला?’ असा प्रश्न उस्तादाला माशाच्या चौकशीपेक्षा जास्त सुखावतो.

फोटो, गप्पा

‘शाशिन ईई देसु का’ असं विचारून मगच फोटो काढा. फ्लॅश नको, व्हिडिओ नको, दुसऱ्या पाहुण्यांचे चेहरे नकोत. एक टिपलात की फोन खाली. चालणार नाही म्हणाले तर हसून सोडून द्या.

शेजाऱ्याशी हळू आवाजात बोलायला हरकत नाही. ‘ओइशी देसु’, म्हणजे छान लागतंय, असं म्हणा, माशाचं नाव विचारा, चेहऱ्यावरचा आनंद लपवू नका. दुसऱ्या दुकानाच्या सुशीशी तुलना मात्र मोठ्याने करू नका. फोन आला तर बाहेर जाऊन घ्या, आणि शक्यतो घेऊच नका.

शेवट आणि बिल

तामागो आला की ठरलेलं जेवण संपत आलं असं समजा. उस्ताद विचारेल, आणखी काही? पोट भरलं असेल तर नको म्हणा, त्यात गैर काही नाही. जागा असेल तर जे सर्वात आवडलं तेच पुन्हा मागा. यापेक्षा मोठी दाद त्याला दुसरी नाही. अर्थात वरच्या नगांचे पैसे वेगळे लागतात.

बिलासाठी ‘ओकाइकेई ओनेगाइशिमासु’. बिलासाठी ‘ओआइसो’ हा शब्द कुठे वाचला असेल तर तो दुकानातल्या लोकांसाठी सोडा. बिल बहुधा घडी घातलेल्या कागदावर येतं. पैसे किंवा कार्ड छोट्या तबकात ठेवतात, हातात देत नाहीत. कार्ड चालतं का ते आरक्षणाच्या वेळीच विचारून ठेवा, कारण काही जुनी दुकानं आजही फक्त रोख घेतात. टिप द्यायची नसते, ठेवलीत तर मागून धावत येऊन परत करतील.

जेवण आटोपल्यावर रेंगाळू नका. निगिरीचं जेवण पाऊण तासातही संपतं, छोट्या पदार्थांसकट दोन तास, आणि पुढच्या तुकडीचे लोक तोवर गल्लीत आलेले असतात. उठताना उस्तादाकडे बघून ‘गोचिसोसामा देश्ता’ म्हणा, म्हणजे जेवणाबद्दल आभार. जेवण खरोखर आवडलं असेल आणि टोकियोत पुन्हा येणं होणार असेल, तर पुढची तारीख तिथेच विचारून घ्या. एकदा नीट जेवून गेलेल्या पाहुण्याला संकेतस्थळावर न दिसणारी खुर्चीही कधी कधी मिळते.